किल्टमधलं फोटोशूट : मॉडेलसाठी आणि कॅमेऱ्यामागच्या माणसासाठीही

पुण्या-मुंबईहून स्कॉटलंडला प्री-वेडिंग शूटसाठी येणारी जोडपी आता नवलाची राहिली नाहीत. एडिंबरा किंवा ग्लासगोला शिकलेली आपली मुलंही पदवीदानाच्या दिवशी गाऊनखाली हौसेनं किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, घालतात. फोटो पाहिले की मात्र जीव हळहळतो. मुलगा समोर तोंड करून ताठ उभा, हातांचं काय करायचं ते त्याला कळत नाही, किल्ट जीन्ससारखा कमरेखाली घसरलेला आणि खालची कड गुडघ्यांच्या खाली लोंबतेय. महागडा पोशाख, मागे एवढा सुंदर डोंगर, आणि फोटोत जीव नाही.

कारण साधं आहे. किल्टचं सगळं वैभव पाठीमागच्या निऱ्यांमध्ये असतं, आणि माणूस चालायला लागला की त्या निऱ्या खुलतात. समोरून, स्थिर उभं राहून काढलेला फोटो म्हणजे किल्टची सगळ्यात दुबळी बाजू. एवढं डोक्यात ठेवलं की कापड कुठलं घ्यायचं, नेसायचं कसं, वारा कुठल्या बाजूनं घ्यायचा, कॅमेरा किती उंचीवर धरायचा, हे सगळं आपोआप ठरत जातं. त्याच क्रमानं जाऊ.

कापड आणि टार्टन

पूर्ण मापाच्या पारंपरिक किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरहून थोडं जास्त लोकरी कापड लागतं. त्यातलं बहुतेक मागच्या पंचवीस-तीस निऱ्यांमध्ये जातं. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पल्ले असतात, वरचा आणि आतला. कापडाचं वजन यार्डाला किती औंस यावर मोजतात : १० ते ११ औंस हलकं, १३ मध्यम, १६ जड. कॅमेऱ्यासाठी १६ औंसाच्या कापडाला तोड नाही. ते सरळ खाली पडतं, निरीची धार दिवसभर टिकते आणि वळताना निऱ्या एकदम, एका लयीत फिरतात. असा किल्ट अंगावर दीड-दोन किलो भरतो, उन्हाळ्यात घाम काढतो, तरी तोच मागा. १३ औंसाचाही चालेल. भाड्याच्या स्वस्त किल्टमध्ये कृत्रिम धाग्याचं हलकं कापड असतं. बंद खोलीत ते बरं दिसतं, डोंगरावर गेलं की वाऱ्याबरोबर पतंगच.

दुकानात एक गोष्ट आवर्जून बघा, जी सहसा कुणी बघत नाही. किल्ट उलटा करून मागच्या निऱ्या पाहा. काही किल्टमध्ये निऱ्या अशा घातलेल्या असतात की पुढची चौकडी मागेही तशीच अखंड दिसते. काहींमध्ये प्रत्येक निरीवर एकच पट्टा येतो आणि बाकीचे रंग निरीच्या पोटात दडतात. सैन्यातल्या किल्टची ही दुसरी पद्धत. चालतानाच्या फोटोंसाठी ही पद्धत फार सुंदर. उभं राहिल्यावर मागे एकाच रंगाच्या उभ्या रेघा दिसतात, आणि पाऊल पडलं की निऱ्या उघडून आतला लाल किंवा पिवळा क्षणभर चमकून जातो. अशी एक फ्रेम मिळाली की शूट वसूल.

टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरची ठरावीक रंगांची चौकडी, कुणीही कुठलंही घालू शकतो का? कायद्यानं आडकाठी नाही, पण रीत आहे. बरीच टार्टन एकेका कुळाशी जोडलेली आहेत, आणि बाल्मोरल टार्टन राजघराण्यासाठी राखीव मानतात. आपल्यासारख्यांसाठी ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट, कॅलेडोनिया, आइल ऑफ स्काय अशी सर्वांसाठी खुली टार्टन आहेत. निवडलेल्या टार्टनची माहिती काढायची असेल तर स्कॉटलंडची अधिकृत टार्टन नोंदवही आहे. २००८च्या कायद्यानं ती स्थापन झाली आणि २००९ पासून सुरू आहे. फोटोखाली टार्टनचं नाव अचूक लिहिलंत तर स्कॉटिश माणूस तुमच्या कामाकडे आदरानं बघतो, हा माझा अनुभव.

दुकानदार एकाच टार्टनच्या ‘मॉडर्न’, ‘एन्शंट’, ‘वेदर्ड’ अशा छटा दाखवेल. त्याचा वयाशी संबंध नाही, रंगाच्या गडदपणाशी आहे. मॉडर्न गडद, एन्शंट फिका, वेदर्ड मातकट. जूनमधल्या हिरव्यागार ग्लेनमध्ये, म्हणजे दरीत, गडद हिरवं टार्टन पार्श्वभूमीत बुडून जातं. तिथं लाल किंवा एन्शंट छटेतला निळा उठून दिसतो. ऑक्टोबरमध्ये डोंगर तांबूस झाले की उलट गडद निळ्या-हिरव्या ब्लॅक वॉचला बहार येते. वेदर्ड छटा मला दगडी भिंतींसमोर आवडते, एडिंबऱ्याच्या जुन्या गल्ल्यांत खास करून.

माप देताना

मापाच्या तक्त्यात ‘वेस्ट’ लिहिलेलं असतं आणि आपली मुलं पँटची कंबर लिहून मोकळी होतात. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. किल्ट बेंबीच्या पातळीवर, किंवा बोटभर वरच बसतो. तिथलं माप दुसऱ्या माणसाकडून घ्या, पोट आत न ओढता. दुसरं माप नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचं. तिसरं बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत.

घालून पाहताना जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून पाठ ताठ ठेवा. खालची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली पाहिजे. जमिनीला टेकली तर किल्ट लांब आहे किंवा खाली घसरलाय. मग दुकानातच चार पावलं चाला, खुर्चीत बसून उठा. किल्ट शूटच्या आदल्या दिवशीच ताब्यात घ्या, म्हणजे काही बदलायचं राहिलं तर वेळ हाताशी असतो.

जॅकेट किल्टचंच घ्या. नेहमीच्या सूटचा कोट लांब पडतो, पुढे लटकणारी पिशवी म्हणजे स्पोरन झाकतो आणि निऱ्यांची सुरुवातच दिसेनाशी होते. दिवसा ट्वीडचं (जाड लोकरी कापडाचं) किंवा आर्गाइल जॅकेट आणि साधा टाय. संध्याकाळच्या थाटाला प्रिन्स चार्ली जॅकेट, तीन बटणांचा वेस्टकोट आणि बो टाय. वेस्टकोट असेल तर कमरेचा रुंद पट्टा लावत नाहीत, नाहीतर बक्कल मध्येच फुगवटा करतं.

आणि हो, आत काय घालायचं? भाड्याचा किल्ट असेल तर अंतर्वस्त्र घालायचंच, हा प्रश्नच नाही. शूटसाठी तर काळी, घट्ट बसणारी, मांडीच्या मध्यापर्यंत येणारी शॉर्ट्स घाला. वारा, पायऱ्या, दगडावर बसणं, सगळ्यात मन निवांत राहतं आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

नेसायची पद्धत

घाई न करता या क्रमानं जा. आधी शर्ट, मोजे आणि बूट, शेवटी किल्ट. किल्ट घातल्यावर वाकून नाड्या बांधल्या की निऱ्या चुरगळतात.

मोजे गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं सोडून दुमडायचे. दुमडीच्या आत इलॅस्टिकचा पट्टा असतो, त्याला लावलेली कापडी फ्लॅशची टोकं पायाच्या बाहेरच्या अंगाला दिसतात. दोन्ही मोजे एकाच उंचीवर आहेत ना, हे समोरून दुसऱ्यानं पाहायचं. एक वर एक खाली असेल तर फोटोत ते पहिल्यांदा डोळ्यात भरतं. गिली ब्रोग नावाच्या बुटांना जीभ नसते आणि नाड्या लांबलचक असतात. नाडीला पुढे तीन-चार पीळ द्यायचे, मग घोट्यामागून फिरवून पुढे आणायची आणि घोट्याच्या जरा वर गाठ मारायची. पोटरीपर्यंत नाड्या गुंडाळू नका, पाय आखूड दिसतात.

आता किल्ट. निऱ्या पाठीशी धरा. आतला पल्ला तुमच्या उजवीकडून डावीकडे आणा. त्याचा पट्टा डाव्या कमरेवरच्या फटीतून बाहेर काढून तिथल्या बकलात अडकवा. मग वरचा पल्ला डावीकडून उजवीकडे आणि उजव्या बाजूचे पट्टे लावा. वरच्या पल्ल्याची दशा सोडलेली कड तुमच्या उजव्या मांडीवर सरळ खाली उतरली पाहिजे. पल्ल्याच्या चौकडीची मधली रेघ बेंबीच्या रेषेत आहे का ते पाहा. नसेल तर पट्टे सोडून पुन्हा बसवा; लावलेला किल्ट ओढून फिरवू नका, निऱ्यांची शिवण ताणली जाते.

इथंच हमखास एक संवाद होतो. “दादा, पोटाला दाबतंय, जरा खाली घेऊ का?” “नाही रे, बेंबीवरच राहू दे. दहा मिनिटांत सवय होईल.” आणि खरंच होते. बेंबीवर आवळलेल्या किल्टनं पाठ आपसूक ताठ होते, पाय लांब दिसतात आणि माणसाची चालच बदलते. खाली घेतलेल्या किल्टमध्ये तोच मुलगा बुटका आणि सुस्त दिसतो.

आता स्पोरन, ती पुढची चामडी पिशवी. तिची साखळी मागच्या लूपांतून ओवून घट्ट करा. पिशवीची वरची कड कमरेच्या पट्ट्याच्या बकलाखाली साधारण चार बोटं आली की उंची बरोबर. फार खाली गेली तर प्रत्येक पावलाला मांडीवर आपटते. किल्टपिन खालच्या उजव्या कोपऱ्यात, दशेजवळ, फक्त वरच्या पल्ल्याला. ती दोन्ही पल्ल्यांतून घालू नका. तसं केलं की कापड ओढलं जातं, चालताना फाटायची भीती असते आणि पल्ल्याचा पडता झोक मरतो.

मुलींसाठी थोडक्यात : किल्टसारखा निऱ्यांचा स्कर्ट किंवा साध्या पोशाखावर टार्टनचा सॅश (खांद्यावरून घ्यायचा लांब पट्टा), दोन्ही छान. सॅश बहुतेक वेळा उजव्या खांद्यावर ब्रोचनं अडकवतात. साडीवर सॅश घेतलेली नवरीसुद्धा देखणी दिसते, फक्त साडी एकरंगी ठेवा, नाहीतर चौकडी आणि बुट्टे एकमेकांशी भांडतात.

मॉडेलनं कसं वावरायचं

नऊवारी नेसणाऱ्या बाईला बसताना काष्टा सांभाळायला शिकवावं लागत नाही. किल्टमध्ये पहिल्यांदाच वावरणाऱ्या मुलाला मात्र सगळं शिकवावं लागतं. म्हणून कॅमेरा काढण्यापूर्वी पंधरा मिनिटं नुसता सराव करून घ्या.

उभं राहताना पाय खांद्यांएवढे दूर, वजन मागच्या पायावर, एक खांदा कॅमेऱ्याकडे. या तिरक्या उभं राहण्यानं पुढचा पल्ला आणि मागच्या निऱ्यांची कड एकाच फ्रेममध्ये येते. हातांची अडचण खरी आहे, कारण किल्टला खिसे नाहीत. एक हात जॅकेटच्या कडेला, दुसरा मोकळा. किंवा दोन्ही हात पाठीमागे धरून छाती उघडी. टोपी, काठी, जोडीदाराचा हात, यातलं काहीही चालेल. कमरेवर दोन्ही हात ठेवून काढलेला फोटो मी टाळते.

बसताना आधी तळहातांनी मागच्या निऱ्या खालपर्यंत सारख्या करून घ्यायच्या, मग सरळ खाली बसायचं. पुढचा पल्ला दोन मांड्यांमध्ये पडू द्यायचा आणि स्पोरनचं वजन त्यावर. गुडघे जवळ. ओल्या दगडावर बसवण्यापूर्वी खाली प्लास्टिकचा तुकडा टाका. लोकर ओली झाली की निऱ्या त्या दिवसापुरत्या गेल्याच समजा.

गुडघ्यावर बसून प्रपोज करायची फ्रेम प्रत्येक जोडप्याला हवी असते. ती सगळ्यात शेवटी घ्या. उघड्या गुडघ्यावर गवताचे, खडीचे वळ उठतात, लाल होतात, आणि पुढच्या पाऊण तासातल्या प्रत्येक उभ्या फोटोत दिसत राहतात. थंडीत उघडे पाय निळसर पडतात, त्यावर काटा येतो. दोन फ्रेमच्या मध्ये पायांवर पांघरायला शाल ठेवा, आणि सकाळी गुडघ्यांना मॉइश्चरायझर लावायला सांगा. पांढरट, कोरडे गुडघे नंतर संगणकावर सुधारत बसणं हे कंटाळवाणं काम आहे.

चालणं हा शूटचा गाभा. मॉडेलला कॅमेऱ्यापासून दूर चालायला सांगा, नेहमीपेक्षा किंचित लांब टांग टाकत, टाच ठामपणे टेकवत. नितंबांबरोबर निऱ्या डावी-उजवीकडे झुलायला लागतात. पाच-सहा पावलांनंतर ‘मागे बघ’ म्हणून हाक मारा : खांदे वळतात, निऱ्या त्यांच्यामागून अर्ध्या क्षणानं वळतात, आणि तो अर्धा क्षण तुमचा. गोल गिरकी घ्यायला लावू नका. किल्ट छत्रीसारखा उघडतो आणि फोटो थट्टेचा होतो.

वारा

स्कॉटलंडमध्ये वारा नाही असा दिवस शोधण्यापेक्षा वाऱ्याला जोडीला घ्यावं. वरच्या पल्ल्याची मोकळी कड मॉडेलच्या उजव्या अंगाला असते, हे आठवा. वारा उजवीकडून आला की तो या कडेखाली शिरतो आणि पल्ला उघडतो. म्हणून मॉडेलला असं उभं करा की वारा त्याच्या डाव्या बाजूनं, जरा पुढून येईल. पुढचा पल्ला स्पोरनच्या वजनानं आणि वाऱ्याच्या दाबानं जागेवर राहतो आणि निऱ्या मागे उजवीकडे उडतात. वारा थेट पाठीवर घेतला तर निऱ्या पायांना चिकटतात आणि पुढचा पल्ला उचलला जातो. म्हणजे नेमकं उलट.

टेकडीवर पोचल्यावर पार्श्वभूमी निवडण्यापूर्वी वारा बघा. एडिंबऱ्याच्या कॅल्टन हिलवर हा नियम न पाळता उभं राहून बघा, लगेच पटेल.

कॅमेऱ्याची उंची, प्रकाश आणि रंग

लेन्स मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर धरा. डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं तर किल्ट आखूड आणि पाय बुटके दिसतात. फार खालून घेतलं तर गुडघे अवाढव्य होतात, आणि नको ते कोन तयार होतात. खालच्या कोनाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. कुणाच्या किल्टखालून, त्याच्या संमतीशिवाय फोटो घेणं हा स्कॉटलंडमध्ये २०१० पासून फौजदारी गुन्हा आहे. रस्त्यावरून जाणारे लोक मॉडेलला ‘आत काय घातलंय’ विचारतात, काही जण किल्ट उचलायलाही हात घालतात. तो विनोद नाही, अंगाला केलेला आगाऊ स्पर्श आहे. गर्दीच्या जागी एक सहायक केवळ मॉडेलच्या पाठीशी उभा ठेवा.

पूर्ण उंचीच्या फोटोला ५० किंवा ८५ मिमीची लेन्स, चालतानाच्या फोटोंना ७०-२००ची. फ्रेम गुडघ्यावर किंवा किल्टच्या कडेवर कधीही कापू नका. एकतर बुटांसकट पूर्ण घ्या, नाहीतर स्पोरनच्या जरा खाली मांडीवर संपवा. मोजे, त्यावरची फ्लॅशची कापडी टोकं आणि बूट हे या पोशाखाचं अर्धं अंग आहे. ते कापलं की उरतो नुसता चौकड्याचा स्कर्ट.

प्रकाश बाजूनं हवा. समोरून प्रकाश पडला की निऱ्यांची सावली नाहीशी होते आणि आठ यार्ड कापड एखाद्या पाट्यासारखं सपाट दिसतं. सूर्य कलता, तीस-चाळीस अंशांनी बाजूला असेल तेव्हा प्रत्येक निरीला एक उजळ आणि एक काळी कड मिळते. जूनमध्ये एडिंबऱ्यात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळचा तिरपा प्रकाश तासन्‌तास पुरतो. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊला उगवून पावणेचारच्या आत मावळतो, पण तो दिवसभर क्षितिजाजवळच असल्यानं दुपारी बारालाही बाजूचा प्रकाश मिळतो. हिवाळ्यात शूट करायला घाबरू नका, फक्त वेळापत्रक आवळा. ढगाळ दिवशी एका बाजूला काळं कापड धरलं तरी निऱ्यांना थोडी खोली येते.

निऱ्या गोठवायच्या असतील तर शटर १/५०० किंवा त्याहून जलद. निऱ्यांचा झोका जरा ओघळलेला हवा असेल तर १/६०, आणि कॅमेरा मॉडेलबरोबर फिरवायचा. दुसऱ्या पद्धतीत बऱ्याच फ्रेम वाया जातात, तरी एखादी लागली की ती भिंतीवर लावण्याजोगी असते.

आता रंग. लाल रंगाचं आणि फोटोग्राफीचं वैर जुनं आहे. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन या जोडीनं १८४६ साली एडिंबऱ्याच्या किल्ल्यावर गॉर्डन हायलँडर्सच्या किल्टधारी सैनिकांचे कॅलोटाइप, म्हणजे कागदावरचे सुरुवातीच्या काळातले फोटो, काढले. तेव्हाचा कागद निळ्या प्रकाशाला जागा आणि लालला आंधळा. लाल कापड जवळजवळ काळं उमटायचं. शिवाय एक्स्पोजर इतकं लांब की कुणी हलायचं नाही. मग १८६१मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या एडिंबऱ्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेल्या फोटोंचा मेळ घालून रंगीत फोटो दाखवला, आणि त्याचा विषय होता टार्टनची एक फीत. आजचा सेन्सर लालला आंधळा नाही, उलट लालनं पटकन भरून जातो. रॉयल स्टुअर्टसारख्या लालभडक टार्टनवर ऊन पडलं की लाल चॅनेल फुटतो आणि कापडाची वीण नाहीशी होऊन लाल ठिगळ उरतं. म्हणून एकत्रित हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) विसंबू नका; तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली आणा. ब्लॅक वॉचला उलटं दुखणं : निळा, हिरवा आणि काळा एकमेकांत मिसळून नुसता अंधार दिसतो. तिथं बाजूनं रिफ्लेक्टर द्या, म्हणजे कापडाच्या ट्विल विणीच्या तिरक्या रेघा दिसायला लागतात.

प्रत्येक जागी पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, धरा. गवताची हिरवी झाक कापडावर चढते, आणि टार्टनमध्ये रंग बदलला की ओळख बदलते.

ट्वीडच्या बारीक विणीवर कधीकधी लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात, त्यांना मोआरे म्हणतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते खोटेही असू शकतात, म्हणून शंभर टक्के मोठं करून बघा. खरंच असतील तर दोन पावलं पुढे-मागे व्हा; नंतर पुसण्यापेक्षा ते सोपं.

फोटोग्राफरनं स्वतः किल्ट घालावा का?

स्कॉटिश लग्नांत बरेच फोटोग्राफर घालतात. फायदा खरा आहे : पाहुण्यांत मिसळून जाता येतं, आणि पहिल्यांदा किल्ट घालणारा अवघडलेला नवरा तुमच्याकडे बघून सैल होतो. पण हे काम वाकण्याचं, चढण्याचं, लोळण्याचं आहे. म्हणून काही पथ्यं.

काळी लांब शॉर्ट्स आतून, हे आलंच. वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली बसायचं, आणि एक गुडघा टेकायचा तो किल्टच्या मोकळ्या कडेच्या बाजूचा, उजवा, म्हणजे पल्ला डाव्या मांडीवर आपोआप पडून राहतो. पातळ फोमचा तुकडा जवळ ठेवा. शिडी, भिंत, चर्चची गॅलरी, इथं किल्टमध्ये चढायचं नाही. सहायकाला चढवा किंवा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) कॅमेरा वर करून रिमोटनं घ्या. स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवा, नाचतानाही लोक तसंच करतात. पुढे ठेवला तर खाली बसताना लेन्सवर आपटतो. त्यात बॅटऱ्या आणि कार्ड छान मावतात. दोन कॅमेऱ्यांचे पट्टे खांद्यावरच घ्या. कमरेला अडकवलेला कॅमेरा किल्ट खाली ओढतो आणि निऱ्यांवर घासतो.

स्टुडिओत किंवा रोजच्या कामाला खिशांचा जाड सुती युटिलिटी किल्ट जास्त सोयीचा. कुणाच्या लग्नात मात्र तो घालू नका; तिथं लोकरीचाच शोभतो. आणि किल्ट घालून काम करायची सवय नसेल तर पहिला प्रयोग कुणाच्या लग्नात करू नका, मित्राच्या छोट्या शूटला करा.

जागा, परवानगी, चिलटं आणि सुरा

उघड्या डोंगरदऱ्यांत जबाबदारीनं वावरण्याचा हक्क स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं सर्वांना दिला आहे, त्यामुळे ग्लेनको किंवा स्कायच्या क्विरांगवर दोघांचं साधं शूट सहज होतं. किल्ले आणि जुन्या वास्तूंमध्ये व्यावसायिक शूटला आगाऊ परवानगी लागते. त्यातल्या बऱ्याच जागा हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडकडे आहेत, त्यांना आधी लिहा. एडिंबरा शहरात व्हिक्टोरिया स्ट्रीट किंवा सर्कस लेन हवी असेल तर पहाटे जा. रंगीत दुकानांसमोर पहाटे कुणी नसतं, आठनंतर कुणी ना कुणी फ्रेममध्ये असतंच.

पश्चिम हायलँड्समध्ये जून ते सप्टेंबर मिज नावाची चिलटं असतात. वारा पडला, ढग आले, संध्याकाळ झाली की थवेच्या थवे येतात, आणि किल्टवाल्याचे गुडघे त्यांना आयते सापडतात. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असला की ती उडू शकत नाहीत, म्हणून तळ्याकाठच्या आडोशापेक्षा कड्यावरची उघडी जागा निवडा. गुडघ्यांना औषध चोपडा, पण लोकरीला लागू देऊ नका. हेदर नावाचं डोंगरी झुडूप ऑगस्टमध्ये फुलतं, जांभळ्या उतारावर लाल टार्टन अप्रतिम दिसतं. त्याच झुडपांत गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम आजार होऊ शकतो. शूट संपल्यावर गुडघ्यांमागे, मांड्यांवर, मोज्यांच्या कडेला नीट तपासा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीन डू, उजव्या हाताच्या माणसानं उजव्या मोज्यात, फक्त मूठ दिसेल असा ठेवायचा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो बाळगायला स्कॉटिश कायद्यात सवलत आहे, पण शूट संपल्यावर जीन्समध्ये, खिशात घेऊन फिरायला नाही. विमानात तो चेक-इन सामानातच जातो. प्लास्टिकची नुसती मूठ असलेला खोटा सुराही मिळतो. फोटोत फरक दिसत नाही, मी तोच सुचवते.

फोटो देण्यापूर्वी आणि किल्ट परत करण्यापूर्वी

एडिटिंगला बसलात की पहिली तपासणी ही : प्रत्येक फोटोत दशेची कड आणि पिन मॉडेलच्या उजव्या बाजूला आहे ना? रचनेसाठी फोटो आडवा उलटवला, किंवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याची आरशातली प्रत वापरली, तर किल्ट डावीकडे उघडलेला दिसतो, आणि स्कॉटलंडमधला कुणीही ते एका नजरेत ओळखतो. एखादाच फोटो उलटवायचा मोह झाला तरी उलटवू नका. मग ग्रे कार्डवरून रंग जुळवा, आणि कापडाचा एखादा तुकडा किंवा तोच टाय जवळ असेल तर पडद्याशेजारी धरून बघा.

ओला झालेला किल्ट हीटरवर टाकू नका. कमरपट्टीला चिमटे लावून उभा टांगा, निऱ्या हातानं सारख्या करा आणि रात्रभर हवेवर वाळू द्या. चिखल पूर्ण सुकला की मऊ ब्रशनं झटकला जातो. ओला असताना घासला तर लोकरीत मुरतो. इस्त्री करायचीच असेल तर निऱ्या आधी धावदोऱ्यानं कच्च्या टाचून घ्या आणि वर ओलसर सुती फडकं ठेवून दाबा. विकत घेतलेला किल्ट भारतात न्यायचा असेल तर निऱ्यांच्या दिशेनं लांब गुंडाळून बायकांच्या जुन्या स्टॉकिंगच्या पायात सरकवा. तसा गुंडाळलेला किल्ट बॅगेत उभा-आडवा कसाही बसतो, आणि घरी पोचल्यावर टांगून ठेवला की दुसऱ्या दिवशी घालण्यासारखा असतो.